‘सेन्सिटिव्हिटी’च्या व्याख्येतलं गाळलेलं अर्धं वाक्य

माझी आत्या संगमेश्वरजवळच्या एका गावात राहते. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत गार पाण्याने कळ यायला लागली. टीव्हीवर जाहिरात पाहिलेली होतीच. मेडिकलमध्ये जाऊन तिने “सेन्सिटिव्हिटीची पेस्ट द्या” म्हणून सांगितलं आणि त्यांनी दिली. बरं वाटलं. मग पुन्हा दुखायला लागलं, की ती दुसरी ट्यूब आणायची. असे चौदा महिने गेले. मध्ये एकदा ती मला फोनवर म्हणाली होती, “चावताना नाय गो, चावून सोडताना कळ जाते.” मी तेव्हा माझ्या सिनॉप्सिसच्या गडबडीत होते. मी म्हटलं, पेस्ट बदलून बघ.

शेवटी दोन रात्री झोप नाही म्हणून तिला रत्नागिरीला आणलं. दाढेला उभी चीर होती, थेट मुळापर्यंत गेलेली. दाढ काढावी लागली. सुरुवातीलाच आली असतीस तर कॅप घालून कदाचित वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. रिक्षातून घरी येताना आत्या गालावर बर्फ धरून म्हणाली, “पेस्ट चांगलीच होती गो. माझी दाढच खराब निघाली.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून पुढचे दोन महिने, स्वतःचं काम बाजूला ठेवून (माझ्या गाईडना हे सांगू नका), मी दातांच्या सेन्सिटिव्हिटीवरचं संशोधन वाचत बसले. मी रसायनशास्त्राची, दंतवैद्यकाची नाही. तेव्हा हा वैद्यकीय सल्ला नाही. पेटची किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, पुढे संशोधनात यायचं असेल, तर एखादा विषय नव्याने वाचताना नेमकं कुठे बोट ठेवायचं याचं हे चांगलं उदाहरण आहे, म्हणून लिहितेय.

बोट ठेवायचं ते व्याख्येवर. या क्षेत्रातले लोक ज्याला ‘डेंटिन हायपरसेन्सिटिव्हिटी’ म्हणतात त्याची बहुतेक सगळीकडे वापरली जाणारी व्याख्या, वैद्यकीय चाचण्या कशा कराव्यात यावरच्या १९९७ सालच्या मार्गदर्शक निबंधात आहे. माझ्या शब्दांत सांगायची तर अशी: एनॅमल किंवा हिरडीचं आवरण गेल्यामुळे उघड्या पडलेल्या डेंटिनमधून, थंड-गरम, वाऱ्याची झुळूक, स्पर्श, गोड किंवा आंबट अशा निमित्ताने उठणारी, थोडाच वेळ टिकणारी तीक्ष्ण कळ, आणि जिचं कारण दाताच्या दुसऱ्या कुठल्याही दोषात किंवा आजारात सापडत नाही अशी कळ.

‘आणि’च्या पुढचा भाग परत वाचा. किडलेला दात नाही, चीर नाही, भरलेल्या सिमेंटखालून गळती नाही, गाभ्याला सूज नाही, हे सगळं तपासून झालं आणि तरी कळ उरली, तर तिला सेन्सिटिव्हिटी म्हणायचं. म्हणजे हे निदान वजाबाकीतून होतं. बाकीचं वजा केल्यावर जे उरतं ते हे. माझी तक्रार एवढीच आहे की हा दुसरा अर्धा भाग जाहिरातीत गळतो, मेडिकलच्या काउंटरवर गळतो, सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत गळतो, आणि कधीकधी दवाखान्यातही गळतो. शेवटचं मी रागाने म्हणत नाहीये. कॅनडात या विषयावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २००३ साली दंतवैद्यांची आणि दंतआरोग्य सहायकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात, इतर शक्यता तपासून बाजूला काढण्याचा विचार करतो असं सांगणारे निम्म्याहून कमी होते. व्याख्येतच लिहिलेली गोष्ट, आणि ती करणारे निम्मेसुद्धा नाहीत.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढची टीका पोकळ वाटेल.

डेंटिन घन नसतं. त्यात गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. गाभ्याजवळ त्यांची संख्या दर चौरस मिलिमीटरला पन्नास हजारांच्या आसपास, बाहेरच्या बाजूला त्याहून बरीच कमी. व्यास गाभ्याशी साधारण अडीच मायक्रॉन, बाहेर एक किंवा त्याहूनही कमी. या नळ्यांत द्रव असतो. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात असं दाखवून दिलं की दुखण्याचा उगम या द्रवाच्या हालचालीत आहे. त्यांच्या मांडणीतलं सौंदर्य बघा: उघड्या गाभ्यावर टाकली तर कळ उठवणारी काही रसायनं डेंटिनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लावली तर काहीच होत नाही, उलट नुसता कोरडा टीपकागद लावला, जो काही ‘करत’ नाही, फक्त द्रव शोषतो, तर कळ येते. म्हणजे मज्जातंतू पृष्ठभागावर वाट बघत बसलेला नाही. नळीतला द्रव हलतो आणि आत कुठेतरी मज्जातंतू ओढला जातो. गार पाणी, फुंकर, साखरेचा पाक, सगळ्यांचं काम एकच: द्रव हलवणं.

भौतिकशास्त्र घेतलेल्यांसाठी इथे एक खाऊ आहे. १९८७ साली आब्सी, ॲडी आणि ॲडम्स यांनी काढलेले दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दुखणाऱ्या दातांवर उघड्या नळ्यांची संख्या न दुखणाऱ्यांच्या साधारण आठपट आणि व्यास दुप्पट होता. प्वाझेयचा नियम आठवा, प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून. व्यास दुप्पट म्हणजे प्रत्येक नळीतून सोळापट, आणि नळ्या आठपट. दाब आणि लांबी तीच धरली तर १२८ पट. बारावीच्या पुस्तकातलं एक सूत्र दाढेत जाऊन बसलेलं पाहून मला उगाच आनंद झाला.

पण हा सिद्धांतही पूर्णविराम नाही. २०२१ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये उंदरांवरचं एक काम आलं. त्यात डेंटिन तयार करणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशींमध्येच थंडी ओळखणारा एक प्रथिन-मार्ग सापडला, टीआरपीसी५ नावाचा. लवंगेतलं युजेनॉल हा मार्ग अडवतं. कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून दाढेत धरायला सांगणाऱ्या आज्ज्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

आता आत्याच्या वाक्याकडे. “चावताना नाय, चावून सोडताना.” दाताच्या चिरेचं हे अगदी पुस्तकातलं लक्षण आहे. दाब दिला की चिरेच्या दोन बाजू थोड्या सरकतात, दाब सोडला की परत येतात, आणि त्या परत येण्यात द्रव जोरात हलतो. थंडीनेही कळ येते, कारण द्रव तोच आणि नळ्याही त्याच. म्हणजे रुग्णाला जाणवणारी पहिली खूण दोन्हीकडे सारखी, आणि रोग वेगळा. इथेच वजाबाकीची गरज पडते. डॉक्टर ती कशी करतात? एकेक दात वेगळा करून त्यावर हवेचा झोत, टोकदार प्रोब, थंडीची चाचणी, चावायला काठीसारखं साधन देऊन दाब आणि सुटका, वरून ठोकून पाहणं, हिरडीची खोली मोजणं, एक्स-रे. आणि प्रश्न. कळ निमित्त गेल्यावर लगेच थांबते की अर्धा-एक मिनिट रेंगाळते? काही न खाता-पिता, आपोआप येते का? रात्री झोपेतून उठवते का? एकाच दातात आहे की अनेक दातांत?

रेंगाळणारी, आपोआप उठणारी, रात्रीची कळ ही बहुधा गाभ्याच्या सुजेकडे बोट दाखवते. आपल्याकडे याला वेगळा शब्दच आहे: ठणका. शिवशिवणं वेगळं, सणक वेगळी, ठणका वेगळा. मज्जातंतूंच्या भाषेत सांगायचं तर तीक्ष्ण, क्षणिक कळ ए-डेल्टा तंतूंची आणि बोथट, पसरणारा ठणका सी तंतूंचा. आत्याने पहिल्या महिन्यात “सणक येते” म्हटलं होतं आणि शेवटच्या महिन्यात “ठणकते”. तिने रोगाची वाटचाल बरोबर सांगितली होती. ऐकणारी मी होते.

शब्दांवरून आठवलं. ‘सेन्सिटिव्हिटी’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. कैऱ्या खाऊन, चिंच खाऊन, आवळा खाऊन आपण काय म्हणतो? दात आंबले. या क्रियापदात कारण सांगितलेलं आहे. आम्लाने झालं. दात आंबणं आणि डेंटिनची कळ तंतोतंत एक नव्हे; आंबलेल्या दातात एनॅमलचा गेलेला गुळगुळीतपणाही जिभेला कळतो. पण तो शब्द विचारायला लावतो, काय खाल्लंस? ‘माझे दात सेन्सिटिव्ह आहेत’ हे वाक्य मात्र दाताचा स्वभाव सांगतं, जसं एखाद्याचं नाक मोठं असतं. स्वभावाला कारण नसतं, म्हणून कोणी शोधत नाही. स्वभावाला फक्त जपायचं असतं, रोज, दोनदा, आयुष्यभर. “दाढच खराब निघाली” हे आत्याचं म्हणणं याच शब्दातून आलं, असं मला वाटतं.

आता जाहिरात. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या जाहिरातींची स्वतःहून दखल घेतली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून निर्माण झालेली ही संस्था. प्रकरणाचे तीन धागे होते आणि तिन्ही संशोधनाच्या विद्यार्थ्याने वाचावेत असे आहेत. पहिला, परदेशातले दंतवैद्य पेस्टची शिफारस करताना दाखवले होते. भारतातल्या दंतवैद्यांना अशी जाहीर शिफारस करायला नियमाने मनाई आहे, आणि परदेशी डॉक्टर दाखवून ती मनाई ओलांडता येणार नाही, असं प्राधिकरणाने सांगून त्या जाहिराती थांबवायला लावल्या. दुसरा, ‘जगभरातल्या दंतवैद्यांची शिफारस’ आणि ‘जगातली क्रमांक एकची सेन्सिटिव्हिटी टूथपेस्ट’ हे दावे. कंपनीने आधार म्हणून बाजारपेठेच्या दोन पाहण्या सादर केल्या. त्या पाहण्या फक्त भारतातल्या दंतवैद्यांच्या होत्या. दावा जगाचा, नमुना भारताचा. मार्च २०२२मध्ये या जाहिराती सात दिवसांत बंद करण्याचा आणि दहा लाख रुपये दंडाचा आदेश जाहीर झाला. तुमच्या व्हायवाला एखाद्या परीक्षकाने विचारावा तसा हा प्रश्न आहे: तुमचं सॅम्पल कुठलं आणि तुम्ही बोलताय कोणाबद्दल? फरक इतकाच की व्हायवात दंड होत नाही.

तिसरा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचीच चर्चा कमी झाली. ‘वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध आराम, ६० सेकंदांत काम’ हा दावा. तो तपासायला औषध नियंत्रण यंत्रणेकडे गेला आणि तिथून सिल्वासाच्या परवाना अधिकाऱ्यांकडे, कारण ते उत्पादन सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्याखाली तयार होत होतं. सौंदर्यप्रसाधन! म्हणजे पावडर आणि लिपस्टिकच्या रांगेत. दुखणं थांबवण्याचा दावा आणि परवाना प्रसाधनाचा, या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आत्याचे चौदा महिने गेले.

साठ सेकंदांचं काय, ते खोटं आहे का? इथे मी सावध होते, आणि तुम्हीही व्हा. तत्काळ आरामाच्या चाचण्या झालेल्या आहेत, २००९च्या सुमाराला आर्जिनीन असलेल्या पेस्टवरच्या तर बऱ्याच गाजल्या. पण पद्धतीचा भाग वाचा. त्यात पेस्ट बोटाच्या टोकावर घेऊन, निवडलेल्या एक-दोन दुखऱ्या दातांवर थेट लावून, मिनिटभर चोळतात. मग हवेचा झोत देऊन बघतात. आपण काय करतो? मटारएवढी पेस्ट ब्रशवर, सगळ्या तोंडात फिरवली, चूळ भरली, कामाला लागलो. चाचणी एका कृतीची आणि विक्री दुसऱ्या कृतीची. निष्कर्षाचा परिच्छेद वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

मग मोजमाप. कळ मोजणार कशी? रक्तातली साखर मोजावी तशी ती मोजता येत नाही. एक पद्धत म्हणजे शंभर मिलिमीटरची रेघ, एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्याला ‘असह्य’, रुग्णाने खूण करायची. दुसरी शिफची श्रेणी, शून्य ते तीन: हवेच्या झोताला रुग्ण प्रतिसादच देत नाही, देतो पण थांबवा म्हणत नाही, थांबवा म्हणतो किंवा मान सरकवतो, दुखलं म्हणून थांबवायला लावतो. तिसरी, किती ग्रॅम जोराने प्रोब टेकवल्यावर कळ येते ते पाहणं. तिन्ही ठीक आहेत. पण तिन्हींमध्ये शेवटी माणूस ‘हो’ किंवा ‘आई गं’ म्हणतो. आणि माणूस खुर्चीत बसला, डॉक्टर नीट बोलले, नवी ट्यूब मिळाली, पुन्हा बोलावलं, की त्याला बरं वाटायला लागतं. या विषयावरच्या चाचण्यांत नुसत्या प्लासिबो पेस्टनेही २० ते ६० टक्के सुधारणा नोंदली गेली आहे. त्यात आणखी एक गंमत. चाचणीत लोक येतात तेव्हा त्यांचं दुखणं ऐन भरात असतं, म्हणून तर ते येतात. काही न करताही सहा आठवड्यांनी ते सरासरीकडे उतरणारच. लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट नळ्या हळूहळू बुजवतं तेही आहेच. त्यामुळे ‘पेस्ट वापरून ७० टक्के लोकांना आराम’ असं कुठे वाचलंत, तर एकच विचारा: आणि दुसऱ्या गटाला?

पोटॅशियम नायट्रेटचं उदाहरण बोलकं आहे. १९७४ साली हॉडॉश यांनी ते पुढे आणलं आणि आज पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट कितीतरी ट्यूबवर छापलेलं असतं. कल्पना अशी की पोटॅशियमचे आयन नळीतून आत जाऊन मज्जातंतूभोवती साठतात आणि त्याला संदेश पाठवू देत नाहीत. कल्पना सुबक आहे. पण नळीतला द्रव सतत आतून बाहेर येत असतो. त्या प्रवाहाच्या उलट दिशेने, लाळेने धुतलं जात असताना, पुरेसं पोटॅशियम आत पोचतं हे जिवंत माणसाच्या दातात दाखवणं अवघड. २००६च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणाऱ्या सहा चाचण्या एकत्र केल्या. हवेचा झोत आणि स्पर्श या कसोट्यांवर सहा-आठ आठवड्यांनी फरक दिसला. रुग्णांना स्वतःला रोजच्या जगण्यात काय वाटलं या कसोटीवर मात्र लक्षणीय फरक सिद्ध झाला नाही. चाचण्या लहान होत्या, म्हणून ‘काम करत नाही’ असंही म्हणता येत नाही. पण पुरावा आणि ट्यूबवरची खात्री यांतलं अंतर तुम्हाला दिसलं असेल. शिवाय या क्षेत्रातल्या अनेक चाचण्यांचा खर्च पेस्ट बनवणाऱ्यांनीच केलेला असतो. तेवढ्यावरून निकाल खोटा ठरत नाही. पण कुठला प्रश्न विचारला जाईल हे त्यावरून ठरतं. ‘ही पेस्ट त्या पेस्टपेक्षा चांगली का’ यावर ढीगभर निबंध. ‘काउंटरवरून पेस्ट नेणाऱ्या शंभर जणांत खरी सेन्सिटिव्हिटी कितींना’ या प्रश्नाला पैसे कोण देणार?

आणि ‘दर तिघांतल्या एकाला’ वगैरे आकडे? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांतलं प्रमाण एक-दोन टक्क्यांपासून नव्वदच्या पुढेपर्यंत पसरलेलं आढळलं. सगळ्यांची सरासरी ३३.५ टक्के. पण त्याच आढाव्याने दिलेला ‘सर्वोत्तम अंदाज’ ११.५ टक्के. एकाच रोगाचे दोन आकडे, एक दुसऱ्याच्या तिप्पट. ज्या अभ्यासात नुसतं विचारलं जातं, ‘गार लागलं की दुखतं का?’, तिथे कीडही मोजली जाते, चीरही, हिरडीचा रोगही. व्याख्येचं अर्धं वाक्य गाळलं की बाजारपेठ किती वाढते ते या दोन आकड्यांच्या वजाबाकीत बघा.

प्रश्नावलीबद्दल एक सूचना, कारण तुमच्यातले काही जण हमखास सर्वेक्षण करणार. “तुमचे दात संवेदनशील आहेत का?” असा प्रश्न घेऊन लांजा किंवा राजापूरच्या एखाद्या वाडीत जाऊ नका. संवेदनशील म्हटल्यावर लोकांना कवी आठवतात. ‘शिवशिवतात का’, ‘सणक जाते का’, ‘ठणकतात का’ असं तीन वेगळ्या ओळींत विचारा, आणि आधी पाच-दहा माणसांशी बोलून कुठला शब्द कशासाठी वापरतात ते टिपून ठेवा. फक्त इंग्रजी प्रश्नावलीचा अनुवाद आणि उलट अनुवाद केला की झालं, असं मानणारे निबंध मी पुष्कळ वाचलेत.

आता कारणांकडे, आणि इथे मी आपल्या जिल्ह्यातच राहते. डेंटिन उघडं पडायचं तर दोनच वाटा: वरचं एनॅमल जाणं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडणं. एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. डेंटिन त्याच्या आधीच, सहाच्या थोडं वर असतानाच. कैरी, कोकमाचं आगळ, लिंबू, सगळी त्याच्या कितीतरी खाली, दोन-तीनच्या आसपास. पण पीएच हे अर्धंच रसायन. सायट्रिकसारखं आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून पीएच सारखा असला तरी त्याची धूप जास्त होऊ शकते. आणि किती खाल्लं यापेक्षा किती वेळ तोंडात राहिलं हे महत्त्वाचं. जेवताना वाटीभर सोलकढी पिणं वेगळं, नारळाच्या रसाने आम्ल सौम्यही होतं. दुपारभर मीठ-तिखट लावलेली कैरी चोखत बसणं वेगळं. पेस्टने बुजवलेल्या नळ्या आम्लात टिकतात का याच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत बहुधा सायट्रिक आम्ल, संत्र्याचा रस किंवा कोला वापरतात. कोकमात मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. रत्नागिरीत बसून पीएचडीचा विषय शोधणाऱ्याला मी आणखी काय सांगू? कच्चा माल मे महिन्यात परसात पडलेला असतो, आणि याच जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे.

दुसरी वाट हिरडीची. कडक ब्रश, आडवं खसाखसा घासणं, हिरडीचा रोग. आणि मिश्री. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर घासत बसायची, दिवसातून दोनदा, चारदा, कितीदाही. कोकणातल्या बायकांत हे व्यसन किती घट्ट आहे ते इथल्या वाचकांना सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगाच्या संदर्भात मिश्रीवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण सेन्सिटिव्हिटीच्या पाठ्यपुस्तकी कारणांच्या यादीत ‘टूथब्रशने घासणं’ पहिलं येतं आणि बोटाने घासणारी बाई दिसतच नाही. १९९२मध्ये ल्यो आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतले सुशिक्षित, नियमित ब्रश करणारे लोक आणि श्रीलंकेतले दातांची कसलीही निगा न घेणारे चहामळ्यांतले कामगार यांची तुलना प्रसिद्ध केली. हिरड्या दोन्हीकडे सरकलेल्या होत्या. एकीकडे अति निगेने, दुसरीकडे निगाच नसल्याने. आमची आत्या या दोन्ही रकान्यांत बसत नाही.

उपायांबद्दल थोडक्यात, कारण ते खरं तर सोपं आहे. आधी कारण थांबवायचं: आम्लाचा मारा कमी, मऊ ब्रश, कमी खरखरीत पेस्ट, आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता नुसत्या पाण्याने चूळ. मग पेस्ट, नळ्या बुजवणारी किंवा पोटॅशियमची, आणि तिला चार ते आठ आठवडे द्यायचे. तेवढ्यात फरक नाही, किंवा कळ वाढली, रेंगाळली, एकाच दाढेत राहिली, तर पुन्हा तपासणी. मग दवाखान्यात फ्लोराइड वार्निश, बाँडिंग, उघड्या मुळावर भरण, क्वचित हिरडीची शस्त्रक्रिया. हा क्रम सगळी मार्गदर्शक तत्त्वं जवळजवळ सारखाच सांगतात. पहिल्या पायरीच्या आधीची पायरी, तपासणीची, ट्यूबवरही बारीक अक्षरात असते: त्रास सुरू राहिला तर दंतवैद्यांना भेटा. मी मोजलं नाही, पण त्या ओळीचा फाँट ‘रॅपिड रिलीफ’च्या एक दशांश तरी असेल.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. वरचे पुढचे दात शिवशिवतायत म्हणाली. यावेळी मी सिनॉप्सिस बंद केला आणि विचारलं: एक दात की सगळे? “तीन-चार.” गार गेल्यावर थांबतं? “लगेच.” रात्री? “नाय.” चावून सोडताना? “नाय गो, तसलं नाय.” तरी मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी एकेक दात तपासला, हवा मारली, ठोकलं, फोटो काढला. कीड नाही, चीर नाही. हिरड्या दीड-दोन मिलिमीटर वर सरकलेल्या, मुळं उघडी, बोट फिरतं त्याच रेषेत.

त्यांनी लिहून दिली ती पेस्ट तीच, चौदा महिन्यांची. आत्या खूश झाली, म्हणाली, बघ, मी सांगत होते ना. मिश्रीचं मात्र डॉक्टरांनी विचारल्यावर ती छताकडे बघायला लागली, आणि परतीच्या एसटीत बसल्यावर पदराच्या गाठीतून डबी काढून आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.